सव्वा किलोचे गणित

मी दयानंद शेषेराव बिराजदार, वय ५० वर्षे, धंदा दैनिकाचा वार्ताहर, मूळ राहणार अहमदपूर, हल्ली मुक्काम लातूर. ता. ८ जानेवारी २०१९ रोजी सकाळी अकरा वाजता ठाण्यात समक्ष हजर राहून सांगतो की,

सर्वप्रथम माझीच तक्रार नोंदवून घ्यावी. मुलींच्या वसतिगृहाचे मालक नरसिंग पांचाळ यांच्या अर्जात, मी त्यांची भिंत 'विद्रूप' केली असे म्हटले आहे. मी आठ वर्षे पाठशाळेत शास्त्रीबुवांच्या छडीखाली अक्षर गिरवले आहे. भिंतीवर लिहिले, कबूल. विद्रूप हा शब्द अमान्य. ठाणे अंमलदारांनी स्वतः जाऊन अक्षर पाहावे.

माझी भाची ऋतुजा, वय १७, राहणार चाकूर, डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेसाठी तेथे खोली नंबर सातमध्ये राहते. सोबत भोकरची नाजिया व आणखी दोघी. भेटीची वेळ रविवारी चार ते सहा. त्याप्रमाणे ता. ६ रोजी सव्वाचार वाजता मी गेलो. खोलीला खिडकी एकच. मुलींचे लक्ष रस्त्याकडे जाऊ नये म्हणून तिला बाहेरून प्लायवूड ठोकलेले. स्वयंपाकघरात जागा नाही म्हणून मेसचा सिलिंडर या खोलीत, आणि नळी भिंतीच्या भोकातून पलीकडच्या शेगडीला.

मी विचारले, "गॅसचा वास येतोय की गं?"

ऋतुजा म्हणाली, "हाव मामा, चार दिवस झाले. मालकाला सांगितलं, ते हो म्हणाले. मग आम्ही त्याच्यावरच गणित केलं."

वही मी पाहिली. खोली तीस हजार लिटरची. हवेत शंभराला १.८ भाग गॅस मिसळला की ठिणगीने पेटतो, म्हणजे ५४० लिटर. एका मोलला २२.४ लिटर, म्हणून २४ मोल. एका मोलचे वजन ५८ ग्रॅम. एकूण एक किलो चारशे ग्रॅम. खाली नाजियाने दुरुस्ती केली होती, की २२.४ हा आकडा शून्य अंशाचा. लातुरात शून्य फक्त गुणपत्रिकेत दिसते. इथल्या हवेत २५ लिटर धरले तर सव्वा किलोच पुरतो. भरल्या सिलिंडरात चौदा किलोच्या वर असतो.

नाजिया म्हणाली, "रीत बरोबर हाय मामा. क्लासच्या सरांनी पण बघितली."

"मग काय केलंत?"

"मग पुढचं गणित घेतलं."

नळीला चीर पडलेली दिसली. मी सिलिंडर बंद करून, नळी सोडवून अंगणात ओढला. स्कूटरच्या डिकीतल्या पान्याने प्लायवूड उचकटले. नंतर मुलींचाच खडू घेऊन ते गणित दर्शनी भिंतीवर उतरवले, भेटीला आलेल्या पालकांना वाचता यावे म्हणून.

अर्जदार धावत आले. "ओ पत्रकार, खिडकी उघडली तर पोरी भाहेर बघत बसतेत! आमचा रिझल्ट बघा जरा."

मी म्हणालो, "रिझल्ट पाहिला. आता तुम्ही नळी पाहा."

"गणित पुसा, माफी लिहून द्या. न्हाईतर भाचीला चाकूरच्या गाडीत बसवा."

मी पुसले नाही. माफी लिहून देणार नाही. त्र्याण्णवच्या भूकंपात मी नवखा वार्ताहर होतो, किल्लारीहून बातम्या धाडल्या. जमिनीने तेव्हा कुणाला आधी आकडा सांगितला नव्हता. इथे दोन पोरींनी तो दोन रीतींनी काढून ठेवला आहे. तो चूक असल्यास अर्जदाराने कोणत्याही मास्तराकडून तसे लिहून आणावे, मी स्वतःच्या हाताने भिंत रंगवीन. बरोबर असल्यास पुन्हा लिहीन, याहून मोठ्या अक्षरात. प्लायवूडचा पंचनामा खुशाल करावा, त्यात नळीच्या चिरेचीही नोंद घ्यावी.

येथवरचा मजकूर हवालदारांनी मला वाचून दाखवला, तो मी सांगितल्याबरहुकूम आहे. सहीआधी एवढे वाढवून घ्यावे. काल, सोमवारी, खिडकीला नवे प्लायवूड ठोकले गेले आणि सिलिंडर परत आत गेला. मी ऋतुजाला न्यायला गेलो. मला आत सोडले नाही. ती फाटकाशी येऊन म्हणाली, "परवा टेस्ट हाय मामा, मी येत न्हाई. आईला सांगू नका." आजही ती तिथेच झोपणार आहे. मला भीती वाटते.