निळी कंपनी, हिरवी कंपनी आणि आमचे घड्याळजी

...आणि निम्मंच ऐकू आलं हो! पूर्ण ऐकू आलं असतं तर पुढचं काही घडलंच नसतं. पण जिन्यातलं बोलणं कधी पूर्ण ऐकू आलंय कुणाला? मी आपली पायपुसणं झटकत उभी. आता पायपुसणं झटकायला किती वेळ लागतो म्हणाल, तर लागतो! नीट झटकायचं तर लागतो! तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचा फोटोवाला फोनवर बोलत बोलत उतरला, आणि काय म्हणतो, ''छे छे, त्या कंपनीचा तर आता मुळीच घेऊ नकोस, ते सगळं बंद करतायत, सहा महिन्यांत...'' आणि खालचा दरवाजा धाडकन लागला! झालं! सहा महिन्यांत काय? बुडणार? पळणार? आता मी काय दरवाजा उघडून त्याच्या मागे धावू? धावलेही असते, पण पायात चप्पल नव्हती.

त्याआधी त्यानं कंपनीचं नाव घेतलं होतं हो, पण ती नावं माझ्या जिभेवर ठरत नाहीत. दोन मोठ्या कंपन्या आहेत कॅमेऱ्याच्या, एकीचं खोकं निळं, एकीचं हिरवं, आपण तसंच म्हणू. तर तो म्हणाला ती निळी.

आणि तुम्हाला सांगते, पायपुसणं माझ्या हातातच राहिलं. मला काय करायचंय म्हणा! मी काही कॅमेरा घेणार नव्हते. पण समोरचे घड्याळजी घेणार होते, आणि घेणार होते तो निळाच!

घड्याळजी म्हणजे आमच्या समोरच्या दारातले, एकतीस वर्षं घड्याळदुरुस्ती. एवढंसं दुकान, डोळ्याला ते काळं भिंग लावलेलं, आणि माणूस असा की 'नमस्कार' म्हटलं तर आधी घड्याळ बघून मग 'नमस्कार' म्हणणार. त्यांना अचानक मोठ्ठा कॅमेरा हवा झाला. तो गळ्यात अडकवायचा, डोळ्याला लावायचा, आत आरसा असतो तो. डीएसएलआर. त्यांची बायको, आमच्या वहिनी, म्हणाल्या, ''अहो, फोनमध्ये आहे की कॅमेरा!'' तर हे म्हणतात, ''हातभर लांब धरून? मी जन्मभर काचेला डोळा लावून बघितलंय. मला लांबून दिसत नाही, मला आत बघितल्यावर दिसतं.''

आणि फोटो कशाचे काढायचे? तर घड्याळांचे! शाळेतलं, इस्पितळाच्या बोळातलं, टपाल कचेरीतलं, न्यायालयाच्या जिन्यावरचं... गावातली भिंतीवरची यच्चयावत घड्याळं यांनी शिडी लावून उतरवलेली, साफ केलेली, परत टांगलेली. आता एकेक निघतंय आणि तिथे लाल आकड्यांची पाटी लागतेय. ''एकतीस वर्षं मी त्यांच्याकडे बघितलं, ताई,'' मला म्हणाले, ''ती जायच्या आत एकदा नीट बघून ठेवायचीत.'' माझे तर डोळे भरून आले. कांदा चिरत नव्हते तरी.

पण हा माणूस घाबरलेला हो! साधा नाही, आतून घाबरलेला. का? तर म्हणे कॅमेरा घ्यायचा नसतो, घराणं घ्यायचं असतं. निळीचं भिंग हिरवीला बसत नाही, हिरवीचं निळीला चालत नाही. एकदा एका घरात पडलात की भिंग त्यांचं, बॅटरी त्यांची, झाकणसुद्धा त्यांचंच. मी म्हटलं, ''म्हणजे लग्नच की हो!'' तर म्हणाले, ''लग्नात निदान आधी चौकशी करता येते.'' चौकशी! माझ्यासमोर चौकशीचं नाव! मग मला काय करायचंय म्हणून घरात बसवेल का?

आणि त्यांच्या भीतीचं मूळ काय ते सांगते. एकतीस वर्षं हा माणूस काउंटरच्या आत बसून एकच वाक्य म्हणत आलाय, ''याचे पार्ट आता येत नाहीत.'' किती माणसांचे चेहरे पडलेले बघितलेत त्यांनी! म्हाताऱ्या बाईंनी नवऱ्याचं घड्याळ आणायचं आणि यांनी मान हलवायची. ''ताई,'' म्हणाले, ''मला काउंटरच्या बाहेर उभं राहून ते वाक्य ऐकायचं नाहीये.''

आणि अशा माणसाला मी जाऊन काय सांगितलं? सांगितलं ना! पायपुसणं तसंच जिन्यात टाकलं आणि गेले, ''भाऊजी, निळी बुडतेय! सहा महिन्यांत!'' निम्मं मी ऐकलं होतं, उरलेलं माझ्या पदरचं. पदरचं घालायची मला सवयच आहे, मी कबूल करते. त्यांचा चेहरा असा झाला, की जणू कुणी त्यांनाच म्हटलंय, तुमचे पार्ट आता येत नाहीत.

मग काय! दुसरा कुणी असता तर दुकानात गेला असता. हे गेले कॅमेरे दुरुस्त करणाऱ्याकडे! धंद्याची खोड. म्हणे विकणारा कधी खरं बोलत नाही, खरं बोलतं ते दुरुस्तीवाल्याचं कपाट. गेलो आम्ही. वहिनी, ते आणि मी. मला काय करायचंय म्हणा, पण वहिनींना सोबत नको? तो दुरुस्तीवाला पोटावर पट्टा बांधून बसलेला, तोंडात चिमटा. यांनी विचारलं, ''तुमच्याकडे जास्त कोणते येतात?'' तो चिमट्याआडून म्हणाला, ''निळे.'' मी म्हटलं, ''बघा! सांगितलं नव्हतं? निळे बिघडतात!'' तर घड्याळजी आणखीच पांढरे पडले. म्हणाले, ''तसं नसतं, ताई. भिकार घड्याळ माणूस दुरुस्तीला आणतच नाही, फेकून देतो. दुरुस्तीला येतं ते चांगलं.'' मी म्हटलं, ''म्हणजे निळा चांगला?'' म्हणाले, ''किंवा निळा जास्त बिघडतो.'' ''मग हिरवा?'' ''हिरवे येत नाहीत, म्हणजे एकतर बिघडत नाहीत, नाहीतर लोकांनी फेकून दिले.'' अहो, माझं डोकं गरगरायला लागलं! तो दुरुस्तीवाला चिमटा काढून म्हणतो, ''काका, तुम्ही कॅमेरा घ्यायला आलात की न घ्यायला?''

घरी आल्यावर आमच्या ह्यांना सांगितलं. पेपरामागून आवाज आला, ''निळा घे म्हणावं की हिरवा, फोटो काळाच येणार.'' हे असंच. माणूस भीतीनं अर्धा झालाय आणि यांना विनोद सुचतायत.

पंधरा दिवस गेले. घड्याळजी जेवेनात. वहिनी जिन्यात येऊन कुजबुजल्या, ''ताई, तुम्ही ते सांगितल्यापासून हे रात्रंदिवस निळं-हिरवं करतायत. आता म्हणतात नकोच कॅमेरा. आणि तिकडे टपाल कचेरीतलं घड्याळ काढलंसुद्धा.'' काढलंसुद्धा! तुम्हाला सांगते, मला कुणी थोबाडीत मारली असती तरी इतकं लागलं नसतं. माझ्या निम्म्या गोष्टीपायी एक घड्याळ गेलं! आणि इस्पितळातलं पुढच्या आठवड्यात जाणार होतं. मीच म्हटलं, चला, आजच्या आज दुकानात. उठा!

दुकान चकाचक. काउंटरवर एक मुलगी, विशीतली, बोलायला चटपटीत. तिनं दोन्ही कॅमेरे काढून ठेवले, निळ्या खोक्यातला, हिरव्या खोक्यातला. समोर भिंतीवर दुकानाचं घड्याळ होतं. ''काका, त्याचाच काढा.'' घड्याळजींनी निळा डोळ्याला लावला. आणि काय सांगू, त्या क्षणी तो माणूस घरी आल्यासारखा दिसला हो! एक डोळा मिटलेला, श्वास रोखलेला. खट्! बघितलं तर फोटो पुसट. काटा एक नाही, तीन तीन. परत काढला. तसाच. ''हा खराब आहे,'' घड्याळजी पुटपुटले. हिरवा घेतला. खट्! तोही पुसट. ''हाही खराब आहे.'' कपाळावर घाम.

वहिनी तिकडे गळ्यात अडकवायच्या पिशव्या बघत होत्या. मुलगी पडद्याकडे बघत होती. आणि मी... मी माणसाकडे बघत होते, माझी सवयच ती. त्यांचा उजवा हात हलत होता. बारीक, अगदी बारीक, जसा सेकंदकाटा थरथरतो ना बॅटरी संपताना, तसा. त्यांनी तो हात पटकन खिशात घातला आणि माझ्याकडे बघितलं.

अशी भीती मी कुणाच्या डोळ्यात बघितली नाही. कंपनीची नव्हती हो ती भीती. कधीच नव्हती! घड्याळजीचा हात हलतो हे गावाला कळलं, तर कोण देईल हातात घड्याळ? वहिनींना ठाऊक नव्हतं. म्हणूनच दुकान हल्ली लवकर बंद होत होतं, म्हणूनच चहाचा कप ते टेबलावरच ठेवून वाकून प्यायचे. मी रोज बघत होते आणि मला, मला! कळलं नव्हतं.

आणि आता बातमी माझ्या जिभेच्या टोकावर होती. वहिनी चार पावलांवर. आयुष्यात एवढी मोठी, एवढी पूर्ण बातमी मला कधी मिळाली नव्हती. मला काय करायचंय, असं मी पहिल्यांदा स्वतःला खरोखर म्हटलं. आणि त्या मुलीला म्हणाले, मोठ्यानं, ''अगं बाई, माझा हात हलतो. मेला सारखा हलतो. मी कधी यांच्याकडून मागून घेतला तर माझे फोटो बिघडायला नकोत. हात हलला तरी फोटो हलणार नाही, असं आहे का काही?''

''आहे की, मावशी!'' म्हणाली ती. तिनं निळ्याचं भिंग बदललं, त्याच्या कडेला एक बारीक बटण होतं ते वर सरकवलं. ''आता काढा.'' मी असा काही हात हलवला, की बघणाऱ्याला वाटावं बाई झाड हलवून फळं पाडतेय! मुलगी म्हणाली, ''मावशी, इतका नको. इतक्याला इलाजच नाही.'' मग मी सहज, अगदी सहज, कॅमेरा घड्याळजींच्या हातात दिला. ''भाऊजी, बघा बरं जमतंय का.'' त्यांनी खिशातून हात काढला. खट्! आणि पडद्यावर ते घड्याळ, स्वच्छ. काटा एकच. आकड्यांवरची धूळसुद्धा दिसत होती. त्यांनी आपलं मनगट बघितलं, मग म्हणाले, ''तीन मिनिटं मागे आहे.''

घेतला. निळाच! सहा महिन्यांत बुडणारा निळा!

इस्पितळाच्या बोळातलं घड्याळ मिळालं त्यांना, काढायच्या आदल्या दिवशी. न्यायालयाचं मिळालं, शाळेचं मिळालं. टपाल कचेरीचं नाही मिळालं. ते माझ्या नावावर.

आणि तो फोटोवाला! त्याला मी जिन्यात गाठलाच, या वेळी चप्पल घालून. ''काय रे, निळी बुडाली का?'' म्हणतो, ''कोण म्हणालं? कंपनी ठणठणीत आहे, काकू. आत आरसा असलेले नवीन मॉडेल काढणं तेवढं बंद केलंय, आता बिनआरशाचे काढतात. भिंगं, दुरुस्ती, सगळं मिळणार अजून पुष्कळ वर्षं.'' ''आणि हिरवी?'' ''तीही तेच करतेय.'' म्हणजे खोटं नव्हतं, खरंही नव्हतं, आणि दोन्हींकडे सारखंच होतं! आणि त्यापायी आम्ही पंधरा दिवस जीव मुठीत धरून बसलो!

घड्याळजींनी आपल्या हाताचं वहिनींना परवा स्वतःच सांगितलं म्हणे. डॉक्टरकडे जाऊन आले. औषध चालू आहे. पण माझा हात हलत नाही, हे कुणी सांगितलं नाही ना! त्या दिवशी वहिनींनी पिशव्या बघता बघता माझं बोलणं ऐकलं होतं, आणि घरी येताच सगळ्या इमारतीला सांगितलं. आमचे हे तर म्हणाले, ''हात हलतो म्हणे तुझा? मला वाटलं, फक्त जीभच हलते.'' जिन्यात घड्याळजी भेटले की हळूच विचारतात, ''ताई, हात कसा आहे?'' मी म्हणते, ''आहे तसाच.'' ते म्हणतात, ''जपा.'' आणि आम्ही दोघं खाली बघत आपापल्या दारात शिरतो.

आता कुणाकडेही गेले की चहा अर्धा कप. सांडेल म्हणून! पूर्ण माझ्या हातात कुणी देतच नाही, आणि तेवढासुद्धा मला थोडा हलवून प्यावा लागतो.

मला काय करायचंय म्हणा!