जाकडावर आणलेली लेन्स

...तर नवी लेन्स घ्यावी का न घ्यावी, ह्याच्यातच त्या दिवशी माझा सकाळचा च्या गार झाला बघा! आमचे हे, रंगनाथ फोटोवाले, जामखेडात स्टँडासमोर जयमाला फोटो स्टुडिओ... जयमाला म्हंजे मीच! पाटीवर नाव माझं, दुकानात सत्ता त्या लेन्सची. तुमाला सांगते, लेन्स म्हंजे कसली, तर म्याक्रो! एवढ्याश्या फोटोला पार नाक लावायचं आन् त्याचा मोठा फोटो करायचा. का? तर आमच्याकडं मानूस जिता असताना त्याचा फोटो काढतंय कोन! मेला की घरचे पळत येनार, लग्नाच्या घोळक्यातला फोटो घेऊन, "रंगनाथभाऊ, ह्यातला टोपीवाला आमचा दादा, दहाव्याच्या आत भिंतीवर पायजे!" अवो, टोपीवाले सगळेच!

आन् जुन्या लेन्सला आतून बुरशी. त्यातनं मेलेलं मानूस निघतं ते धुक्यातनं चालत आल्यावानी. लोक म्हनत्यात, "असाच दिसायचा वो शेवटी शेवटी," रडत्यात आन् घेऊन जात्यात. मग नवी कशाला? तुमीच सांगा!

मी तर न्हाईच म्हनले असते. पन गेल्या सालाला आमची आई, भागिरथी, गेली ना... तिचं वर्षश्राद्ध आलं तोंडावर, आन् माझा भाऊ सहादू कर्जतवरनं आला, चपलाबी काढल्या न्हाईत, दारातनंच, "आक्का, सगळ्या तालुक्याचे मेलेले दाजींनी भिंतीवर चढवले, आपली आईच तेवढी ऱ्हायली व्हय?" बोलला का न्हाई वर्मावर? आईनं फोटो काढूनच दिला न्हाई. हे क्यामेरा घेऊन मागं मागं, "मामी, जरा हिकडं बघा," की ती पदर तोंडात धरून घरात! "नगं बया, आयुष्य कमी होतं!" फोटो काढला न्हाई, तरी गेलीच की! कुठं वाढलं आयुष्य?

एकच फोटो हाय तिचा. माझ्या लग्नातला. अक्षता पडताना काढलेला. मी मान खाली घालून, हे शेजारी खांबावानी, आन् माझ्या मागं डोक्यावर पदर घेतलेली आई. तोंड बाजरीच्या दान्याएवढं! सगळं घर म्हनतंय, हीच आई. जुन्या लेन्सनं मोठा केला, तर कपाळ हाय, हनुवटी हाय, मधी नुसतं धुकं. भिंतीवर लावायच्या लायकीचा न्हाई म्हनून मी पिठाच्या डब्यामागं ठेवला, कुनाला दावला न्हाई. पन भाकरी थापता थापता बोलायची तिच्यासंगं. "आये, ह्यंचं डोकं फिरलंय गं, काय करू?" ऐकायची बिचारी. जितेपनी ऐकलं न्हाई तेवढं ऐकायची.

मग हे म्हनले, "नव्या लेन्सनं डोळे दिसतील तिचे." डोळे! तुमाला सांगते, तिथंच मी इरघळले. म्हनले, माझ्या पाटल्या मोडा, पन आईचे डोळे दावा! नगरच्या दुकानदारानं जाकडावर दिली, म्हंजे वापरून बघा, पसंत पडली तर ठेवा, न्हाईतर आना माघारी.

हे अंधाऱ्या खोलीतनं ओला फोटो घेऊन बाहेर आले, आन् माझ्याकडं न बघताच दोरीला अडकवाया लागले.

"दिसले का डोळे?"

"दिसले."

मी बघितलं... अवो, डोळे काय, पापन्या मोजा! पदराचा काठ, काठावरची नक्षी... आन् नाकाशेजारी ही एवढी चामखीळ! आमच्या आईला कुठली चामखीळ? ही तर साळूचुलती! बांधाच्या भांडनावरनं आई जिच्याशी मरेपर्यंत बोलली न्हाई ती! आन् अजून टनटनीत हाय, हरभरे फोडती दातानं! हिला हार घालायचा? आन् मी येडी रोज हिच्यापुढं गाऱ्हानी सांगत हुते!

मग आई कुठं हाय? फोटोतल्या अक्षतांकडं बघितलं तवा ध्यानात आलं. लेकीवर पडत्या अक्षता आईनं बघू न्हाईत, व्हय ना? नवरीची आई तवा घरामागं तुळशीला पानी घालत ऱ्हाती. सगळ्यांला ठावं, आन् इतक्या वर्सात एकाच्याबी डोक्यात आलं न्हाई! हिकडं बटन दाबलं, आन् तिकडं ती एकटी, हातात तांब्या, वाजंत्रीच्या आवाजावरनं माझं लग्न बघत... तिचा फोटो काढाया कोन जातंय?

वर्षश्राद्धाला मी जुना, धुक्याचाच लावला. सांगायचं कसं? सहादू एवढा मोठा गडी, ढसाढसा रडला. "आक्का, आईच गं! नजर बघ तिची!" आन् मागनं साळूचुलती आली. फोटोपुढं पदर पसरून म्हनती, "जाऊबाई, चुकलं माकलं पोटात घाला. जशीच्या तशी आली गं माझी भागिरथी!"

रातच्याला ह्यंनी इचारलं, "मग, लेन्स ठेवायची का?"

म्हनले, देऊन या माघारी. लई साफ दिसतं तिच्यातनं. आपली जुनीच बरी... तिच्यात कुनीबी आपली आई दिसती.