काळी, गुळगुळीत, दोन्ही बाजूंनी चालणारी

देसांका : शांदोरचं पत्र आलं तेव्हा आपल्याकडे आलुबुखार पिकले होते. आता पुन्हा पिकायला आलेत. आणि तू अजून 'प्रिय शांदोर' एवढंसुद्धा लिहिलेलं नाहीस.

रादिवोय : तेवढं लिहिलंय. त्याच्या पुढे अडलंय. ताई, इथून डावीकडे.

देसांका : डावीकडे मका आहे.

रादिवोय : मक्याच्या पलीकडे. तिथे रस्ता असेल.

देसांका : असेल! वाचनालयात होतास तेव्हा कुठलं पुस्तक कुठल्या फळीवर ते झोपेतही सांगायचास. रस्ता म्हटला की मात्र 'असेल'. काच खाली कर, भाजून निघालेय मी.

रादिवोय : खाली होत नाही. मघाशीच करून पाहिलं. मी काही मोडलं तर नाही ना?

देसांका : तू काही मोडत नाहीस रे बाबा. तू काही करतच नाहीस. गाडी मी चालवायची, घासाघीस मी करायची, आणि तू आपला ढिगाऱ्यासमोर उभा राहून दुकानदाराला म्हणणार, 'आपल्याला त्रास होणार नसेल तर'. सुबोटित्साच्या जुन्या बाजारात अख्खी सकाळ उन्हात उभी केलीस मला. मिळालं काय? लग्नातल्या अकॉर्डियनच्या तबकड्या, आणि मला घामोळं.

रादिवोय : आज मिळेल. आज मी स्वतः फोन केला होता.

देसांका : तू? अनोळखी माणसाला?

रादिवोय : पाणी पिऊन केला. जाहिरातीत होतं, 'जुन्या प्लोचा, स्वस्तात'. प्लोचा म्हणजे तबकड्याच ना. मी विचारलं, कशा आहेत? तर म्हणाला, काळ्या, गुळगुळीत, एखाददुसरा ओरखडा, पण तडा एकीलाही नाही. म्हटलं, वरची नावं वाचता येतात का? म्हणाला, काहींवरची पुसट झालीत. आणि आपण होऊन म्हणाला, दोन्ही बाजूंनी चालतात.

देसांका : दोन्ही बाजूंनी चालणारच. तबकडीच ती.

रादिवोय : तेच ना. जाणकार वाटला. पालाचिंकाचंही विचारणार होतो, पण पहिल्याच फोनमध्ये फार वाटलं असतं.

देसांका : पालाचिंकाचं नावसुद्धा काढू नकोस. मला आपलं वाटत होतं, भाऊ म्हातारपणी बहिणीला गावोगाव खायला नेतोय. आणि हा ताटातली घावनासारखी पालाचिंका दोन बोटांनी उचलतो, वर्तमानपत्रावर पसरतो आणि वाकून वाचायला लागतो! सेंताच्या खानावळीत ती वाढणारी पोर तोंड फिरवून हसत होती. किकिंडाला तर मालक येऊन विचारून गेला, काकांना बरं वाटत नाहीये का.

रादिवोय : शांदोरनेच विचारलंय. 'तुझी आई करायची तशी, खालचा पेपर वाचता येईल इतकी पातळ पालाचिंका अजून कुठे मिळते का?' आईची परीक्षा हीच होती ना? मग मी वेगळं काय केलं?

देसांका : मग सेंताला काय वाचलंस?

रादिवोय : मथळासुद्धा दिसला नाही. धिरडं होतं ते.

देसांका : मग तसं कळव! 'सेंताला धिरडं मिळालं.' एवढं कळवायला वर्ष लागतं?

रादिवोय : त्याने दोन गोष्टी विचारल्यात. एक कळवायची, दुसरी नाही, असं कसं? खरी गोष्ट तबकडीचीच आहे. तिथे स्वीडनला, माल्मोमध्ये त्याची नात त्याला म्हणते, आजोबा, तुम्ही कधी हसलाच नाहीत का? तिने त्याला हसताना ऐकलेलंच नाही. आजी गेली तेव्हा ती पाळण्यात होती, आणि तेव्हापासून तो हसलेलाच नाही. आणि आमच्या तंबुरी पथकाची जी एकुलती एक तबकडी निघाली, तिच्यात माझा सूर चुकतो आणि शांदोर गाता गाता हसतो. ते हसू तसंच राहिलंय तिच्यात. ते त्याला नातीला ऐकवायचंय. आता हात हलवत काय लिहू त्याला?

देसांका : पत्राच्या शेवटी त्याने काय लिहिलंय?

रादिवोय : ते औपचारिक असतं, ताई.

देसांका : 'नसेल तरी कळव.' हे औपचारिक? त्याचं हृदय धड नाही, पंच्याहत्तरी उलटली, आणि तू इथे मक्यात तबकडी शोधतोयस. तो गेला म्हणजे कुणाला लिहिणार आहेस? नातीला?

रादिवोय : तुझ्या घरी तिची कुंडी झाली नसती तर हे शोधणं आलंच नसतं.

देसांका : आलं! म्हटलंच, अजून कसं आलं नाही. चाळीस वर्षं झाली रे! तेव्हा सगळ्याच बायका करत होत्या. मासिकात आलं होतं. तबकडी ओव्हनमध्ये मऊ करायची, वाडग्यावर पालथी घालायची, कडेला छान चुण्या पडतात.

रादिवोय : माझ्या तबकडीला छान चुण्या पडल्या.

देसांका : मला काय ठाऊक तुझ्याकडे एकच होती ते? स्वतःची तबकडी माणूस एकच ठेवतो?

रादिवोय : पथकाकडे दुसरी मागायची लाज वाटली. चुकलो होतो ना मी तिच्यात.

देसांका : हे देवा. पोचलो बहुतेक. ती पाटी बघ, 'प्लोचा'. रादे... तिथे ते काय उभं आहे?

रादिवोय : कुठे?

देसांका : अंगणभर. काळं, गुळगुळीत.

(गाडी थांबते. दगड कापायचं यंत्र घरघरत बंद होतं.)

येफ्ता : या, या! फोनवरचे मास्तर ना? मी येफ्ता, शिळा घडवणारा मिस्त्री. बघा निवांत. सांगितलं तसाच माल आहे, तडा नाही.

देसांका : रादिवोय, ही थडगी आहेत.

येफ्ता : थडगी नाहीत बाई, थडग्यावरच्या प्लोचा. जुन्या. लोक आजीआजोबांना नवीन संगमरवर करतात, जुनी शिळा आम्हाला देऊन टाकतात. आपण ती उलटी करायची. मागची बाजू कोरी असते.

रादिवोय : म्हणजे... दोन्ही बाजूंनी...

येफ्ता : चालतात! बोललोच होतो. तुमच्या मनात काय, जोडीची बघायची?

देसांका : मी बहीण आहे याची.

येफ्ता : मग वेगवेगळ्या घ्या. आयुष्यभर भांडलात, पुढे तरी स्वस्थता. नाव आणि जन्मसाल आत्ताच कोरून देतो, पुढे आडवी रेघ, रेघेपुढे जागा मोकळी. गावात सगळेच करून ठेवतात. पोराबाळांना त्रास नको. माझी ती काय, दाराशीच. संध्याकाळी तिच्यावरच कॉफी पितो.

रादिवोय : माफ करा हं मिस्त्री, चूक माझीच. मला वाटलं, प्लोचा म्हणजे गाण्याच्या. तबकड्या. शिळेलाही प्लोचाच म्हणतात, हे ध्यानातच आलं नाही; मी फोनवर स्पष्ट विचारायला हवं होतं. तुमचा वेळ फुकट गेला. आम्ही निघतो, माफ करा.

येफ्ता : गाण्याच्या? आणि मी सांगतोय, नावं पुसट झालीत! आणि तुम्ही म्हणताय, चालेल, चालेल!

देसांका : हसा, हसा. अजून पुढचं ऐकलंच नाहीत. या माणसाकडे स्वतःची तबकडी होती. ती मी ओव्हनमध्ये घालून तिची कुंडी केली. आज तिच्यात जिरेनियम आहे. बुडाशी याचं नाव अजून वाचता येतं, आणि नावाच्या बरोबर मधून पाणी गळतं.

येफ्ता : मधून? तबकडीच्या त्या भोकातून?... थांबा बाई, थांबा... पोटात कळ आली. यूलिश्का! ए यूलिश्का, बाहेर ये, हे ऐक! गाणारं जिरेनियम! आणि कढई उतरवू नकोस, दोन माणसं वाढली!

रादिवोय : नको, नको, त्यांना उगाच त्रास.

येफ्ता : त्रास कसला, शुक्रवारी आमच्याकडे पालाचिंकाच असतात. बसा. तिथे बसा, माझ्या प्लोचावर. गार असते.

देसांका : बस रे. असा अर्धा काय टेकतोस? तुझं नाव कोरलेलं नाही तिच्यावर.

रादिवोय : ती रेघ, ताई. रेघेच्या पुढची ती रिकामी जागा. बघवत नाही.

देसांका : मग तिकडे पाठ करून बस. खा.

येफ्ता : मुरंबा घालू? जर्दाळूचा आहे, घरचा.

रादिवोय : आधी एक... नुसतीच मिळेल? आत काही न घालता? आपल्याला त्रास होणार नसेल तर.

देसांका : रादे, इथे नको. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला. परक्याच्या घरी नको.

रादिवोय : मिस्त्री, पेपर आहे का घरात?

येफ्ता : होता. यूलिश्काने सकाळीच चुलीत घातला. कशाला हवा?

रादिवोय : काही नाही. राहू दे. माझ्या खिशात आहे एक कागद.

देसांका : अरे, ते पत्र आहे! शांदोरचं पत्र आहे ते! तेल लागेल त्याला! मिस्त्री, धरा याला!

येफ्ता : काय करताय काय तुम्ही?

देसांका : वाचतोय. पालाचिंकातून वाचतोय. आमच्या आईची खोड. वर्षभर मी हेच बघतेय, गावोगाव.

रादिवोय : दिसतंय.

देसांका : काय?

रादिवोय : दिसतंय, ताई. पेनाने लिहिलेलं, आणि तरी दिसतंय. ये, तूच बघ. माझे डोळे धड नाहीत, मला भास होत असेल.

देसांका : सरक. न... से... ल... त... री... क... ळ... व.

येफ्ता : काय नसेल?

देसांका : तबकडी, मिस्त्री. हा माणूस उत्तर देत नाही, कारण याच्याकडे तबकडी नाही. आणि मित्राने शेवटी लिहिलंय, नसेल तरी कळव.

येफ्ता : मग कळवून टाका की, तिच्यात जिरेनियम लावलंय. मी तर आठवडाभर हसेन. रात्री झोपेत हसलो तर यूलिश्का उशी फेकून मारेल मला.

रादिवोय : शांदोर असाच हसायचा. खाली बसून, गुडघ्यावर हात मारून.

देसांका : आणि त्याच्या नातीला काय ऐकायचंय?

रादिवोय : त्याचं हसू, ताई.

देसांका : तबकडीत काय होतं रे, जे तुझ्या पत्रात येणार नाही? तुझी चूक आणि त्याचं हसू, एवढंच ना? पहिली गोष्ट तुझ्याकडे भरपूर आहे. ती वाचून दुसरी त्याची तो करेल.

रादिवोय : पण मला गमतीदार लिहिता येत नाही.

देसांका : गमतीदार लिहू नकोस. खरं लिही. तुझ्या बाबतीत तेवढं पुरतं. मिस्त्री, एखादा कागद?

येफ्ता : कागद... हे आमचं दरपत्रक आहे. मागची बाजू कोरी आहे.

रादिवोय : थडग्यांच्या दरपत्रकावर? आजारी माणसाला?

देसांका : लिही!

रादिवोय : पाकीट नाही.

देसांका : गाडीत आहे. नाताळापासून आहे. पत्ता घातलाय, तिकीट लावलंय. दर वेळी गाडी धुताना काढून पुन्हा जागेवर ठेवते मी. आता पेन नाही म्हणालास ना, तर ही शिळा मी आत्ता विकत घेईन, जोडीची.

रादिवोय : पेन आहे. 'प्रिय शांदोर, तबकडी मिळाली नाही.' ... 'खरं म्हणजे, तबकडी आहे.' ... ताई, हे परस्परविरोधी होतंय.

देसांका : होऊ दे.

रादिवोय : 'खरं म्हणजे तबकडी आहे, पण देसांकाने ती ओव्हनमध्ये घातली.' देसांकाने लिहू ना? की 'आमच्या घरातील एका व्यक्तीने'?

देसांका : देसांकाने. नाव माझं घाल, आणि सगळं घाल. भोकाचं घाल. पाणी गळतं ते घाल.

येफ्ता : मुरंबावाली घ्या बाई. ते लिहितायत तोवर चार खाऊन होतील.

देसांका : सहा होतील. तुम्ही ओळखत नाही याला. यूलिश्काबाई, तुम्ही ओतता कशा हो? आमची आई पिठात सोडा ओतायची, फसफसणारा. आईच्या हातची अशीच व्हायची. मला नाही जमली कधी.

रादिवोय : 'पालाचिंका मिळाली. तुझंच पत्र तिच्यातून वाचलं, डाग दिसला तर नवल नको' ... पण डाग तर माझ्याकडच्या पत्राला पडलाय, त्याला कसा दिसेल? खोडू?

देसांका : खोडलंस तर बघ.

रादिवोय : 'बाकी सर्व क्षेम.'

देसांका : हे कसलं सर्व क्षेम? पत्र लिहितोयस की अहवाल? त्याला ये म्हण. जर्दाळू संपायच्या आत ये म्हण.

रादिवोय : त्याचं हृदय...

देसांका : येईल की नाही ते त्याचं तो बघेल. तू बोलाव.

रादिवोय : 'जर्दाळू संपायच्या आत ये. रादिवोय.' झालं. एकदा वाचून बघू?

देसांका : नाही. आण इकडे. मिस्त्री, येतो आम्ही. प्लोचाचं पुढे बघू. घाई नाहीये.

येफ्ता : घाई कुणालाच नसते बाई. गावाबाहेर पडताना टपालाची पिवळी पेटी लागेल, दुकानाला लागूनच. आणि मास्तर, ते जिरेनियम बघायला मी येणार हं!

देसांका : ही बघ पेटी. उतर. मी नाही टाकणार. तू टाक.

रादिवोय : तिकीट पुरेल ना? नाताळानंतर दर वाढले असतील तर?

देसांका : जादा लावलंय. मी तुझी बहीण आहे.

रादिवोय : 'जर्दाळू संपायच्या आत' लिहायला नको होतं. त्याला घाई केल्यासारखं...

देसांका : रादिवोय!

रादिवोय : टाकलं.

देसांका : आत पडलं ना? अडकलं नाही ना?

रादिवोय : पडलं. आवाज आला. अगदी एवढासा.

देसांका : बस आता गाडीत. दार नीट ओढून घे.

रादिवोय : ताई, आणि त्याचं उत्तर आलंच नाही तर?

देसांका : तर समज, तोही कुठलीतरी तबकडी शोधत फिरतोय.