वाकवनं तुमचं

...आन वर ह्या आतल्या म्याडम म्हनतात, आजी, पाय ढिला सोडा. ढिला सोडा म्हनं. आता तुमीच सांगा, कुनी तुमचा हात दाराच्या फटीत घालून दार लावाय घेतलं, आन म्हनलं हात ढिला सोडा, तर सोडाल का तुमी? पर हितं सोडावा लागतो. बसा की, बसा, मी सरकते जरा, ह्यो पाय तेवढा असा लांबच ऱ्हानार, त्येला वलांडून या. तुमचा नंबर यायला येळ हाय, आन माझा तुमच्याबी मागं हाय, आन माझी सून, शालन, गेलीया गोळ्या आनायला भिगवण चौकात. ती यायच्या आत सांगून टाकते. ती आली की मी गप बसनार, आन तुमीबी तिला ह्यातलं कायबी इचारायचं न्हाय, एवढं ध्येनात ठिवा.

तर मी भामाबाई, सांगवीची. आमची वांगी, टमाटी, दोडका, सगळं बारामतीच्या बाजाराला येतं. चाळीस वरसं उकिडवं बसून खुरपलं. मग गुडघा बोलाय लागला. आदी कुरकुर करायचा, मग रडाय लागला, मग तर ऊसाच्या मोळीगत वाकडाच झाला. पुन्याला न्येलं. तितल्या डाक्टरनं गुडघ्याचा फोटू उजेडाला धरला आन म्हनला, "आजी, यात गादीच राहिली नाही, हाडावर हाड घासतंय. बदलून टाकू. वीस वर्षं टिकेल." मी म्हनलं, "सायेब, गुडघा टिकंल, पर मी टिकते का?" तर हसला, आन काय म्हनला? म्हनला, "ऑपरेशन माझं, वाकवणं तुमचं." मला वाटलं, गंमत करतोय मानूस. डाक्टर लोक अशी गंमत करत न्हाईत, बायांनो, ध्येनात ठिवा.

आपरेशन झालं, त्यातलं मला काय कळलं न्हाय. कळलं ते दुसऱ्या दिशी. तितं एक मशीन व्हतं, त्यात पाय ठिवायचा, आन ते मशीन आपलं आपन पाय वर घेनार, खाली सोडनार, वर घेनार, खाली सोडनार... मी नर्सला म्हनलं, बाई, ह्येला थांबीव. ती म्हनली, "आजी, याला थांबवायचं बटन माझ्याकडं नाही, डॉक्टरांना विचारावं लागेल." आता बटन असंल की न्हाय? पर लबाड बोलायचं शिकवत असतील त्यास्नी तितं. कातड्याला पिना मारल्या व्हत्या, कागदाला मारत्यात ना तसल्या, तेवीस. काढल्या तवा एकेक मोजली मी. आन निघायच्या दिशी डाक्टर परत आला, खांद्यावर हात ठिवला, आन परत त्येच. ऑपरेशन माझं, वाकवणं तुमचं.

घरी आले. चार पायाचं ते वाकर, त्येला धरून घरभर खाट-खुट, खाट-खुट. संडासाला लोखंडी खुर्ची आनली, मधी भोक पाडलेली. आन वाकवायचं काम कुनाकडं? तर आमच्या मालकाकडं. रामहरी त्येंचं नाव, सगळा गाव तात्या म्हनतो. लई गरीब मानूस. आयुष्यात बैलाला काठी मारली न्हाय, त्यो माझा पाय काय वाकवनार? एक फळी आनली, तिच्यावर अंगाला लावायची पावडर टाकायची, टाच त्येच्यावर ठिवायची आन मागं सरकवायची, असं चाळीस येळा. मग पालथं पडायचं आन दुसऱ्यानं पाय मागं वाकवायचा, त्येबी चाळीस येळा. सकाळी आन दुपारी. तात्यानी पाय धरायचा, जरा वाकवायचा, मी आई गं म्हनायची, की त्येनी सोडलाच. डोळं पुसायचं. माझं न्हाय, सोताचं. म्हनायचं, "ऱ्हाऊ दे भामे, उद्या करू." आन मीबी म्हनायची, व्हय, उद्या करू. दोगंबी चा पीत बसायचो. असं तीन हप्तं उद्या उद्या केलं आमी.

मग आलो हितं, बारामतीला, ह्या व्यायामाच्या म्याडमकडं. वडापच्या जीपमधी पाय आडवा टाकून, माझ्या पायापायी एका मान्साला टपावर बसावं लागलं, त्यो सांगवीपासनं हितवर शिव्या देत आला. म्याडम इंदापूरची, प्रगती नाव तिचं, बाप हायस्कुलात मास्तर, वय असंल चोवीस-पंचवीस. भिंतीवर त्यो बुद्धाचा फोटू बगितला का, डोळं मिटून शांत बसलेला? त्येच्या खाली रोज आमच्यासारख्या धा बाया किंचाळत्यात. तर म्याडमनं इचारलं, "रोज किती वेळा करता?" तात्या म्हनलं, "चाळीस, म्याडम. दोन टाईम." असं म्हनलं की जनू हरिनाम घ्येतंय. तिनं ते मोजायचं काढलं, शाळंतल्या पोरांच्या कंपासपेटीत असतंय तसलं, गुडघ्याला लावलं, आन परत एकदा लावलं. पन्नास. नव्वद अंश पायजे व्हतं, आन माझा पन्नासवर अडकलेला.

तिनं पट्टी खाली ठिवली. वरडली न्हाय. वरडली असती तर बरं झालं असतं. म्हनली, "आजी, आत मांसाचे दोरे चिकटायला लागलेत. अजून तीन आठवडे हातात आहेत. तोवर नव्वद झाला नाही तर परत पुणं, परत भूल, आणि डॉक्टर जोरानं वाकवून ते दोरे तोडतील. ऑपरेशन त्यांचं होतं, हे तुमचं होतं." म्हंजे पुन्याच्या डाक्टरनं हिलाबी त्येच शिकवून ठिवलेलं. मग तात्यांकडं बगून म्हनली, "आबा, तुमच्यानं हे व्हायचं नाही. घरात असं कोण आहे, जे आजींचं नाही, माझं ऐकेल?"

आन तात्या म्हनलं, "सूनबाई."

बायांनो, मी लगीच हात हलीवला. म्हनलं, नको, सूनबाईला लई काम असतं. तात्या म्हनलं, न्हाय न्हाय, ती करंल. आन दुसऱ्या येळंला शालनला घेऊन आलो, म्याडमनं तिला दाखवलं, असा हात हितं, असा हात तितं, एवढा जोर, हितवर न्यायचा, पाच मोजूस्तवर धरायचा, मग सोडायचा. शालननं एकदाच बगितलं. काय इचारलं न्हाय. वही न्हाय, काय न्हाय.

घरी आलो. दुपारी जेवनं झाली, ती आली, हात धुतलं, पदर खवला आन म्हनली, "आत्या, पालथं पडा."

पडले. तिनं पाय धरला. एक. मी वरडले. दोन. मी शिव्या दिल्या, तिला, तिच्या माह्यारला, तिच्या माह्यारच्या म्हशीला. तीन. ती सोडतच न्हाय. तात्या बाहीर वट्यावर कानावर हात ठिवून बसलेलं. चाळीस म्हंजे चाळीस. एकोनचाळीस न्हाय, एक्केचाळीस न्हाय. झालं की बर्फाची पिशवी गुडघ्यावर ठिवायची, बर्फ रोज गावातल्या सरबतवाल्याकडनं आनायची, आन निगून जायची भांडी घासाय. सकाळी परत. दुपारी परत. चार दिवस असं. पाचव्या दिशी मला सोसंना. मी उशीवर डोकं आपटलं, म्हनलं, "सोड, शालन, सोड, लई दुखतंय, मी मरते."

ती म्हनली, "सोंग नका करू, आत्या."

रागानं न्हाय म्हनली. भाकरी करपली असं सांगावं, तसं म्हनली. आन मी डोकं आपटायचं थांबीवलं. कारन ते बोलनं तिचं न्हवतंच. माझं व्हतं.

नव्वद सालची गोष्ट. टमाट्याचा तोडा चालू व्हता, बाजार चांगला चालला व्हता, खोकी भरून रस्त्यापातूर न्यायची व्हती, टेंपो थांबलेला. शालनला पाचवा म्हयना. सकाळी म्हनली, "आत्या, कंबर लई दुखतीया, आज मी घरीच थांबते." आन मी काय म्हनलं? म्हनलं, सोंग करू नगंस. म्हनलं, सूरजच्या येळंला मी संध्याकाळी वाफं भिजवून आले आन राती बाळंत झाले, आमाला न्हाय दुखल्या कंबरा. माझा सूरज, तिचा नवरा, तितंच उभा व्हता, त्योबी कायबी बोलला न्हाय, आईपुढं कोन बोलनार. ती गप आली रानात. दोन खोकी न्येली डोक्यावर. तिसरं न्येताना बांधावर बसली, खोकं तसंच डोक्यावरनं घरंगळलं, सगळी टमाटी पाटात. आन मी आदी काय केलं ठावं हाय का? मी टमाटी येचली. पान्यात उतरून टमाटी येचत व्हते मी, आन मग वर बगितलं तर तिचं लुगडं...

बारामतीला आनीस्तवर कायबी ऱ्हायलं न्हवतं. पोरगी व्हती, म्हनली नर्स. त्येच्या मागारी तिला दिवस गेलंच न्हाईत. सात वरसं झाली. तिनं त्या दिवसाचा शबूद काढला न्हाय. भाकरी टाकती, पानी तापवती, आत्या जेवून घ्या म्हनती. आन मी? मी गावभर सांगत फिरले, आमची सून अंगानं कच्ची हाय. काय बगता असं? मला ठावं हाय मी काय केलं. म्हनून तर तुमाला सांगते, वळखीच्या बाईला सांगितलं असतं का?

तर त्या दिवसापासनं मी आई गं म्हनले न्हाय. उशीचा कोपरा दातात धरायची. उशीला भोक पडलं, कापूस तोंडात यायचा. ती मोजायची, मी चावायची. पन्नासाचं साठ झालं, साठाचं बहात्तर. मला वाटायचं, ही काढून घेतीया माझ्याकडनं. आन मनातल्या मनात म्हनायची, घे बाई, काढून घे, तुझं हाय ते. झोपताना बरं वाटायचं त्येचं, खरं सांगते. दुखायचं, पर बरं वाटायचं.

गेल्या हप्त्याला हितं आलो. शालन बाहीर चपला काढत व्हती, तेवढ्यात मी म्याडमला हळूच इचारलं, "म्याडम, ती जास्त दाबती का वं? मुद्दाम?" म्याडमनं गुडघा बगितला, हात फिरवला, म्हनली, "जास्त दाबलं असतं तर सूज आली असती, आजी. गरम लागला असता. सांगितलंय तेवढंच दाबतात, दोऱ्यानं मोजल्यासारखं." मग पट्टी लावली. अठ्ठ्याऐंशी. पुन्याला जायाचं टळलं म्हना. तवर शालन आत आली, तर म्याडम तिला म्हनली, "ताई, तुम्ही माझ्याकडं कामालाच या." आन शालन हसली. तोंडाला पदर लावून. सात वरसांत मी तिला हसताना बगितलं न्हवतं, आन हसली ती कुनाकडं बगून, तर परक्या पोरीकडं.

पर माझं काय झालं सांगू का? जास्त दाबलं न्हवतं तिनं. मला वाटलं व्हतं, दाबलं असंल तर दाबलं, फिटलं. तर तिनं कायबी फेडून घेतलं न्हवतं. सांगितलं तेवढं, तेवढंच. म्हंजे माझं जे व्हतं ते सगळं तसंच पडून. लई वाईट वाटलं, बायांनो. मार खाल्ल्यापरास वाईट.

मग परवा दुपारी ठरीवलं. पालथं पडल्यावर एक बरं असतंय, कुनाचं तोंड कुनाला दिसत न्हाय. तिनं हात धुतलं, पाय धरला. एक, दोन, तीन. मी मनात म्हनलं, धा झाल्यावर बोलते. धा झालं. म्हनलं, इसावर बोलते. इसबी झालं. जीभच उचलंना. खोटं गावभर सांगत फिरले तवा एवढं जड न्हवतं गेलं. एकतीसला बोलले. उशीत तोंड घालूनच बोलले. म्हनलं, "शालन, त्या टमाट्याच्या दिशी माझं चुकलं. तू सोंग करत न्हवतीस."

तिचं मोजनं थांबलं.

पाय तितंच, वाकलेला. सोडलाबी न्हाय, फुडंबी न्येला न्हाय. आतून असं वढल्यागत दुखत व्हतं, पर मी हूं का चूं केलं न्हाय. शेजारच्या हिरीवरची मोटर चाललेली ऐकू येत व्हती. माझ्या घोट्यावर तिचा हात तसाच. पाच मोजूस्तवर धरायचा असतो पाय. तिनं किती धरला कुनास ठावं. मला वाटलं, आता बोलंल, आता रडंल, आता उठून जाईल, न्हायतर सात वरसांचं सगळं माझ्या पाठीत घालंल. मी वाटच बगत व्हते.

मग तिनं पाय हळू खाली ठिवला. पार हळू, काचंचा असल्यागत. नाक पुसलं तिनं, त्येचा आवाज आला मला. आन म्हनली, "आकडा इसरले मी, आत्या. परत एकापासनं."

मी म्हनलं, घे. काय म्हननार? एकतीस फुकट गेलं माझं.