इर्जिकीत दिलेली भिंत

काय सांगू तुमाला, आमचं काय फार मोठं न्हाई. कार्ल्याच्या खालच्या अंगाला आमची वाडी, मागं डोंगर, पुढं हायवे, मधी आमची चार खाचरं भाताची. आप्पा पावसात शेती करत्यात आन् बाकीच्या दिसात रस्त्याकडंला कणसं भाजत्यात, आई त्यांच्यासंगं. मी कोमल, अठरा पुरी झाली औंदा. हिचा राग कायम नाकावर आसं आई म्हणती, म्हणू दे, पण पहिल्यापास्नं नव्हता, तो कसा आला तेच सांगायला बसलेय. चित्रं काढायचा नाद मला लहानपणापास्नं. आप्पांच्या गाडीवरची पाटी मीच रंगवली, कणीस, लिंबू, वर वाफ, मग शेजारच्या चहावाल्यानं म्हणलं माझीबी काढ गं पोरी, मग चिक्कीवाल्यानं, आसं करत करत आमच्या बाजूच्या सगळ्या पाट्या माझ्या हाताच्या. कुणाकडनं काय घेतलं न्हाई. घेत न्हाईत आमच्यात. म्हंजी घेत नव्हते.

आता इर्जिक म्हंजी काय ते तुमाला म्हायती असंल नसंल, सांगते. लावणीच्या दिसात एका घराच्यानं खाचर उरकत न्हाई, मग गडी सांगावा धाडतो, उद्या माझी इर्जिक हाये, आन् आख्खी वाडी त्याच्या चिखलात उतरती. मजुरी न्हाई. दुपारचं जेवण, आन् मनात एवढंच की आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या. कुणी लिहून ठेवत न्हाई आन् कुणी इसरतबी न्हाई. आन् बांधावर ढोल. ढोल वाजतोय तवर कंबर दुखत न्हाई म्हणतात, खोटं हाये ते, दुखती, पण कळत न्हाई. आमच्यात ढोल भिकाआबा वाजवायचे, भावकीतले म्हातारे. तीन वर्सांमागं त्यांचा उजवा हात लकव्यानं गेला आन् त्याच पावसात आमची इर्जिक होती, आता वाजवणार कोण? पोरं समदी कंपनीत. मी म्हणलं मी वाजवते. बाया हसल्या, अगं बया, पोरीची जात आन् ढोल वाजवणार? भिकाआबा म्हणले, हात मेलाय माझा, कान न्हाई मेला, वाजव तू, मी सांगतो.

मी आपलं जोरात सुरू केलं, जत्रेत वाजवतात तसं, धडाधडा, म्हणलं बघा आता. पाच मिनटात आबा वरडले, थांब गं भवाने! कुणाकडं बघून वाजवतीस? मी म्हणलं, सगळ्यांकडं. आबा म्हणले, सगळ्यांकडं म्हंजी कुणाकडंच न्हाई. रांगंत सगळ्यात मागं कोण राह्यलंय ते बघ, तिच्या हाताला धरून वाजव, म्होरल्यांचं काय, त्या थांबत्याल, पण मागलीला पळवलंस तर ती उद्या उठायची न्हाई. मी बघितलं तर सगळ्यात मागं माझी आई. मला म्हायतीच नव्हतं हो. घरात ती सगळ्यांच्या आदी उठती, सगळ्यात जास्त राबती, आन् हितं रांगंत सगळ्यात मागं, गुडघा धरून. मग मी आईच्या हाताकडं बघत वाजवायला लागले, मूठ सुटली की एक, रोप रवलं की एक, मधी ती दम खायाची तितं मी मोकळं सोडायचे. आन् काय सांगू तुमाला, आख्खी रांग एक झाली. बायांनी आपसूक गाणं धरलं.

त्या दिसापास्नं मला चित्रात काय काढायचं ते कळलं. तवर मी मोर काढायचे, गणपती काढायचे, समदी काढतात ते. त्या सांजंला जुन्या कॅलेंडराच्या मागं मी निस्ते हात काढले, त्वांड न्हाई, लुगडं न्हाई, हात. जड ठोका तितं मोठा हात, हलका ठोका तितं बारका, आन् आई दम खायाची तितं कागद कोरा. ते चित्र बघून मला ढोल वाजवता यायचा आन् ढोल ऐकून चित्र काढता यायचं. दोन वर्सं मी दुसरं काय केलंच न्हाई. वह्याच्या वह्या भरल्या. आई म्हणायची, माझे हात काय काढतीस, भेगाळलेले, एखादं फूल काढ की.

मग शेट आले. आमच्या बांधाला लागून दोन एकरं इकली गेली ती त्यांनी घेतली, पुण्याचे, लोणावळ्याला त्यांचं आदीच एक हॉटेल, हितं रिसॉर्ट काढलं. माणूस वंगाळ वाटला न्हाई, खोटं कशाला बोलू. आप्पांना पाटील म्हणायचे, आमी पाटील न्हाई काय न्हाई, तरी आप्पा फुगायचे. एक दिवस त्यांनी माझ्या वह्या बघितल्या, म्हणले, कोमल, आमच्या जेवणाच्या हॉलची मोठी भिंत आहे, तिच्यावर हेच काढ, किती घेशील? मी काय बोलायच्या आत आप्पा म्हणले, आवो शेट, घ्यायचं काय त्यात, बांधाला बांध लागलाय आपला, इर्जिकच समजा. आज आमची पोर तुमच्या भिंतीला, उद्या आमाला काय लागलं तर तुमी हायेतच. शेट म्हणले, वा वा, इर्जिक! त्यांना तो शब्द लय आवडला. एवढा आवडला की पुढं रिसॉर्टला त्यांनी तेच नाव दिलं.

गेल्या वर्साच्या मे महिन्यात वीस दिवस मी ती भिंत केली, अकरावीची सुट्टीच होती. चुना, गेरू, काजळी, सगळं मी कालवलेलं. शिडीवर चढून हात काढायचे, खाली उतरून ढोल वाजवून बघायचं ठोका बसतोय का, कामावरली गवंडी लोक आदी हसायची, मग तीच काम टाकून ऐकत बसायची. शेट दुपारचं जेवण द्यायचे रोज, पनीर बिनीर. खोटं कशाला बोलू, तेवढं सुख मला पुन्हा झालं न्हाई. कोपऱ्यात नाव घालते म्हणलं तर शेट म्हणले, आत्ता नको, उद्घाटनाला पितळेची पट्टी लावू, तुझं नाव कोरून. मी बुरुश धुवून ठेवला. शेजाऱ्यावर इस्वास ठेवायचा न्हाई तर कुणावर? उद्घाटन दिवाळीत झालं, आमाला बोलावणं न्हाई. पट्टी लागली का बघायला गेले तर वॉचमननं गेटावरनंच माघारी लावलं, गेस्ट हायेत म्हणला.

औंदा बारावी झाली आन् पुण्याच्या एका चित्रकलेच्या कॉलेजात मी अर्ज केला. मुलाखतीला वह्या आन् मोबाईलमधी भिंतीचे फोटू. मळवलीवरनं लोकल धरली, आप्पा इस्त्रीचा सदरा घालून संगं. टेबलामागं तीन जणं. त्यातल्या बाई फोटू बघून बाकीच्यांकडं बघत्यात, मग मला म्हणत्यात, बाळ, ही भिंत आम्ही पाहिली आहे, मासिकात आलीये, एका डिझायनरबाईंचं काम आहे ते. मी म्हणलं न्हाई मॅडम, माझं हाये. त्यांनी मोबाईलवर काढून दाखवलं. माझी भिंत. खाली दुसरीचं नाव, ती भिंतीम्होरं हाताची घडी घालून उभी, आन् लिहिलेलं की मावळच्या शेतांतून फिरताना तिला ही कल्पना सुचली. सुचली म्हणं! मी म्हणलं, कुठला हात म्हंजी कुठला ठोका ते इचारा तिला, येतंय का बघा, मी आत्ता वाजवून दाखवते. आन् खरंच वाजवलं मी त्यांच्या टेबलावर, रडत रडत, पाण्याचा गिलास सांडला. बाई म्हणल्या, शांत हो, दुसऱ्याचं काम आपलं म्हणून दाखवू नये, वह्याही त्या भिंतीवरूनच उतरवलेल्या दिसतायत. काही कागद आहे का? मालकांकडून लिहून आण आठ दिवसांत, मग बघू.

त्याच सांजंला आप्पा शेटकडं गेले, मीबी मागं. आप्पांनी हात जोडले न्हाईत, ताठ उभे होते, कारण ते मागायला गेलेच नव्हते, फेड घ्यायला गेलते. म्हणले, शेट, आमची इर्जिक फेडायची वेळ आली, चार ओळी लिहून द्या की भिंत पोरीनं केली. शेट म्हणले, बसा पाटील, चहा घ्या. मग म्हणले, असं आहे, त्या डिझायनर मॅडमना मी सगळ्या डिझाइनचं काम दिलेलं, भिंत त्यातच धरलीये, करारच तसा आहे, आता वेगळं लिहून दिलं तर माझ्यावरच केस होईल. आणि तुम्हीच म्हणालात ना, इर्जिक समजा? मजुरी नाही, जेवण. वीस दिवस जेवली की पोरगी आमच्याकडे.

जेवली की. आप्पांचं त्वांड बघवंना मला. मग मी बोलले, त्वांडाला येईल ते बोलले, ते तुमी लिहू नका. वॉचमननं दंडाला धरून मला भाईर काढलं. आठ दिवस गेले, कॉलेजाची यादी लागली, तिच्यात माझं नाव न्हाई.

मग लावणीच्या टायमाला तात्या आला, आप्पांचा सख्खा धाकटा भाऊ. वट्यावर बसला, म्हणला, दादा, परवा माझी इर्जिक हाये, कोमलला ढोल घिऊन येऊ दे. आप्पा म्हणले, मजुरी काय देणार? तात्याला चेष्टा वाटली, तो हसला. आप्पा हसले न्हाईत. म्हणले, माझी हजेरी, बायकोची हजेरी, ढोलाचं वेगळं, आन् कागदावर लिहून. मी पाण्याचा तांब्या घिऊन दारात उभी. तात्यानं पाणी घेतलं न्हाई, उठला, चपला घातल्या आन् गेला. आई एवढंच म्हणली, पाठच्या भावाला आसं बोलायचं नव्हतं. आप्पा त्या दिवशी जेवले न्हाईत.

तात्यानं मजूर लावून खाचर उरकलं. त्याचं बघून दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. औंदा वाडीत एकबी इर्जिक झाली न्हाई. लोक शेटला नावं ठेवत न्हाईत, तितं पोरांना कामं मिळाल्यात, आमाला ठेवतात, म्हणतात ह्यांनी मोडली. खरंच हाये ते, आमच्या घरानं मोडली.

आता मी पाट्या रंगवते, आदी पैसं, मग बुरुश. शनिवार-रविवारी एका ढाब्यावर ढोल वाजवते, गिऱ्हाईक म्हणतं फास्ट, फास्ट, मी फास्ट वाजवते, माझं काय जातंय? वही घिऊन बसले तर आईचा हात डोळ्याम्होरं येतच न्हाई, ती मासिकातली बाई येती, हाताची घडी घालून उभी. लोक समजूत घालतात, कला काय कुणाला चोरता येत न्हाई पोरी. त्यांचं भलं होवो. येती चोरता, लय सोपी हाये.

आन् आता तुमी. मघाधरनं मी बोलतेय आन् तुमी लिहिताय, मोबाईलबी चालू हाये तुमचा. माणूस तुमी चांगले वाटताय, शेटबी वाटलेच होते. तवा उठायच्या आदी त्या वहीतलं एक पान फाडा आन् लिहून द्या की ही गोष्ट कोमलची, तिनंच सांगितली, खाली तुमची सही आन् तारीख. राग मानू नका. आईनं चहा ठेवलाय, तेवढा घिऊन जावा, त्याचं काय लिहून द्यायला नको.