गोनपाटाचं चिलखत

अरे, त्या बिल्डरच्या मानसाची गंमत सांगतो. वाडी विकायची नाय म्हनून सांगितलेलं, तरी आला मोजायला. मी आंबे काढायला झाडावर. लाल मुंग्या चावतात म्हनून अंगात गोनपाट.

खालून विचारतो, "काका, हे काय घातलंय?"

म्हटलं, "चिलखत."

हसला. "काका, चिलखत लोखंडाचं असतं. शब्द फारशीतून आलाय, माहितीये?"

"शब्द कुठून पन येवदे. तू माझ्या कुंपनावरून आलास, ते बोल."

तरी त्याने खोडाला टेप लावलीच. मी काय केलं, मुंग्यांचं घरटं होतं ती फांदी गदागदा हलवली. सगळ्या त्याच्या कॉलरीत! टेप टाकून नाचत पळाला.

मी वरून ओरडलो, "उद्या लोखंडाचं घालून ये! वाडी तरी पन नाय देनार!"