बाहेरून लावलेली कडी

मंडळी, आपल्या सभामंडपाच्या दाराची ही कडी पाहा. वितीएवढी साखळी, टोकाला डोळा. सोडली की खाली लोंबते. वर चौकटीतल्या कोयंड्यात ती आपण होऊन चढत नाही! वारा येवो, दार आपटो, लोखंड खालीच जाणार. कडी लागलेली दिसली, तर समजा, कुणाचा तरी हात वर गेला होता.

आता प्रश्न. शंभर माणसांनी मिळून पाप केलं, तर एकेकाच्या वाट्याला किती? शंभरावा हिस्सा? — मागं कुणी मान डोलावली! घाई करू नका. आधी ऐका.

हैबतराव नावाचे एक सरदार होते. त्यांच्या पथकात निंबाजी नावाचा शिपाई. शत्रूचं गाव जाळायचं, तर पथकाची रीत ठरलेली. निंबाजीनं पुढं जायचं, घरात शिरायचं, माणसं बाहेर काढायची आणि बाहेरून कडी घालायची. कडी घातलेलं घर म्हणजे रिकामं घर! मागून पलितेवाले यायचे. ते आत डोकावत नसत. कशाला डोकावतील? कडी आहे ना!

एका गावात शेवटचं घर भागाईचं. ती पाण्याला गेलेली. आत तिची लेक रखमा, तापानं निपचित पडलेली. भागाई घागर घेऊन परतली, तेव्हा दार जळत होतं. कडी अजून जागेवर होती.

पुढं तह झाला, ते गाव हैबतरावांच्याच मुलखात आलं. दसऱ्याला त्यांचा दरबार भरे. पथक रांगेनं उभं राही, रयतेनं गाऱ्हाणं घालावं. भागाई दर साली यायची.

"सरदार, माझ्या दाराची कडी कुणी लावली?"

"पथकानं."

"पथकाला हात किती असतात, धनी?"

"बाई, पथकाचं पाप सगळ्यांचं. एकट्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही."

केवढा मोठेपणा, नाही का! सगळ्यांनी वाटून घेतलं — आणि कुणालाच लागलं नाही!

आणि निंबाजी? पथकानं बेलभंडारा उचलून शपथ घेतली होती: जो नाव फोडील, त्याला पंगतीत जागा नाही. तो गप्प राहिला. पण ते गाव जळालं त्या दिवसापासून स्वतःच्या दाराला त्यानं कडी लावली नाही.

बायको म्हणायची, "अहो, कुत्रं भाकरी नेतंय!"

"नेऊ दे."

हसलात? पहिल्यांदा तीही हसली. मग एक दिवस माहेरी गेली, ती परतलीच नाही. उघड्या दाराचं घर आणि आत एकटा माणूस. रस्त्यानं जाताना कुणी खोकलं, तरी हातातला घास तसाच राहायचा.

पथकातला संभू एकदाच आला. म्हणाला, "निंबा, हुकूम होता रे! तू कशाला कुढतोस?"

"हुकूम जाळायचा होता, संभू."

"मग जा, सांग! सरदार काय म्हणतील ठाऊक आहे? सगळं निंबाजीनं केलं, आम्ही मोकळे!"

खोटं नव्हतं ते. बोललो, तर सरदार सुटतात. नाही बोललो, तर आपण सुटतो. अकरा वर्षं तो या दोहोंच्या मध्ये उभा राहिला.

तुम्ही-आम्ही तरी कुठं उभे असतो, मंडळी? 'वरून आलं होतं.' 'समितीनं ठरवलं.' 'सगळ्यांनीच सही केली.' — हात कुणाचा वर गेला, तेवढंच आठवत नाही! आज घरी जाऊन कडी लावाल, तेव्हा क्षणभर आपल्या हाताकडे बघा.

बाराव्या दसऱ्याला भागाई काठीनं चाचपत आली. डोळे गेले होते. सरदार समजून ती खांबाकडे तोंड करून उभी राहिली. हसायचं धाडस कुणाला झालं नाही.

"सरदार, पुढल्या साली माझ्यानं यायचं व्हायचं नाही. कडी कुणी लावली?"

"पथ—"

सरदारांचा शब्द अर्धाच राहिला. निंबाजी रांगेतून बाहेर आला होता. त्यानं पागोटं उतरवलं, म्हातारीच्या पायांशी बसला.

"माये, जाळायचा हुकूम सरदारांचा. तो त्यांच्याकडंच राहू दे, मी अंगावर घेणार नाही. कडी माझी. मी आत शिरलो नाही. आतून खोकला ऐकू आला होता — तरी लावली."